फितीतल्या यंत्राची आणि चकलीतुलेची हकीकत

श्री. ज्याचे हाती अवजार त्यास पहिले नमन. ज्याचे हाती अवजार नाही परंतु तोंड चालते त्यास दुसरे. आणि जे नुसते बसून ऐकतात ते दोहोंहून थोर, म्हणोन त्यांस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी, ते सायंकाळी एका राज्याच्या पितळपेठेत दोघां शेजाऱ्यांत पैज लागली, तिची ही हकीकत. राज्याचे नाव सांगावे इतके ते मोठे नाही, आणि लपवावे ऐसे त्याने काही केलेले नाही. एसटी तेथे थांबते आणि कंडक्टर उतरून निवांत चहा घेतो, यावरून ओळखावे. त्या पेठेत चकली पाडावयाचे पितळी सोरे घडत, आणि सोऱ्याच्या बुडाशी जी चांदणीच्या भोकाची चकती बसते ती कारागीर कानशीने घासून घासून करीत, आणि कोणतीही चकती दुसरीसारखी निघत नसे, आणि पेठेस त्याचाच अभिमान होता. आणि पेठेच्या टोकास सरकारी विद्याशाळा होती, जीस लोक आयटीआय म्हणत, आणि तिच्या मोठ्या दालनात एक सीएनसी मशीन उभे होते, हत्तीएवढे, आकडे सांगितले की आपल्या आपण धातू कापणारे, सरकारने पाठविलेले. परंतु ते आले त्या दिवसापासून त्याच्या पोटास एक लाल रेशमी फीत बांधलेली होती, आणि फीत उद्घाटनाची, आणि उद्घाटन व्हावयाचे राहिलेले, म्हणोन त्यास कोणी हात लावीत नसे, फक्त खंडेनवमीस सारी पेठ जाऊन हळदकुंकू वाही, झेंडू बांधी, नारळ फोडी आणि घरी येई. मशीनने धातूचा एक कीस पाडला नाही, परंतु पूजा मात्र गावदेवीहून जास्त खाल्ली.

तर ते दिवशी पूजा करून माघारी आल्यावर द्वारकाक्का हिंगमिरे आपल्या ओट्यावर बसत्या जाहल्या. आक्का म्हणजे पेठेची चकली. नवरा गेल्यावर सासूने दिलेल्या भाजणीवर त्यांनी घर उभे केले, दोन मुली उजविल्या, आणि त्या भाजणीचे प्रमाण त्यांच्या जिभेवर होते, अन्य कोठेही नव्हते, मुलींसही अजून सांगितले नव्हते. शेजारच्या ओट्यावर त्रिंबकशेठ करडे विराजमान, पितळेच्या मोठ्या कारखान्याचे धनी, अंगाने असे की ओट्याने त्यांस नव्हे, त्यांनी ओट्यास आधार दिला आहे ऐसे वाटावे. आणि त्रिंबकशेठ आक्कांच्या परातीतली चकली मोडीत मोडीत बोलिले,

"आक्का, पुढच्या वर्षी त्या मशीनला साडी नेसवा. एवढी वर्षं झाली, घराबाहेर पडली नाही बिचारी."

"नेसवीन की. तुमच्या कारखान्यातल्या कानशींपेक्षा तरुण आहे ती. एक दिवस उठली ना शेठ, तुमची झोप उडवील."

"उठली?" शेठ हसले आणि ओटा हलला. "अहो, शिकून कोण उठलंय इथं? ती पोरं दोन वर्षं तिथं बसतात आणि मग माझ्याच दारात येऊन विचारतात, काका, काही काम हाय का. आणि मशीन उठणार! ती उठली तर मी माझी तुला करीन. सोन्याची नाही, चकल्यांची!"

तेव्हा आक्कांनी त्यांस पायापासून शेंडीपर्यंत पाहिले, जसा व्यापारी भरल्या पोत्याकडे पाहतो, आणि म्हणाल्या, "शेठ, तेवढं तेल तालुक्यात नाही."

आजूबाजूचे ओटे हसले, आणि हसू ऐकून शेठांस चेव आला, आणि मग त्यांनी उभे राहून साऱ्या पेठेच्या साक्षीने कलमे सांगितली, ती अशी की, पुढल्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत त्या मशीनने चकलीची चकती करून दाखवावी, आणि त्या चकतीची चकली पेठेने खाऊन बरी म्हणावी, मग शेठ स्वतः भर चौकात तराजूत बसतील, आणि आपल्या भाराच्या चकल्या आपल्या खर्चाने, आपल्या हाताने तळून पेठेस वाटतील. "आणि नाही झालं, तर आक्का?" आक्का तोऱ्यात म्हणाल्या, "तर तुम्ही म्हणाल ते." आणि शेठ याच शब्दाची वाट पाहत होते. "तर भाजणी. प्रमाणासकट. पुडी करून सोऱ्याच्या डब्यात घालीन आणि विकीन. पुडीवर नाव माझं, फोटो माझा." आक्कांचा हात परातीवर थांबला. सासू मरताना कानात सांगून गेलेली गोष्ट या माणसाच्या फोटोखाली दुकानोदुकानी लटकेल, आणि मग आपली चकली कोण घेणार, हे सगळे एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. परंतु साऱ्या पेठेसमोर मागे कसे सरावे? आणि मग आक्का म्हणाल्या, "लागली." आणि आत जाऊन दार लावून घेतले, आणि ते रात्री जेवल्या नाहीत.

दुसरे दिवशी दसरा. आपट्याची पाने घेऊन आक्का थेट विद्याशाळेवर चालून गेल्या, जेथे सुटी असूनही सरस्वतीपूजनास सारे जमले होते. तेथील किल्लेदार म्हणजे प्राचार्य पाठराबे साहेब, भला माणूस, परंतु निवृत्ती जवळ आली म्हणोन खुर्चीवरही जपून बसे. आक्कांनी सोने दिले आणि विचारिले, "साहेब, मशीन कधी चालू करताय?" साहेब पाणी प्याले आणि त्यांनी फितीचा सारा इतिहास सांगितला तो ऐसा की, पूर्वीच्या राजांच्या हस्ते उद्घाटन ठरले तो आचारसंहिता लागली, मग राजे बदलले, मग नव्या राजांचा घसा बसला, मग फाईल सुभ्यास गेली ती अद्याप तेथेच सुखरूप आहे. "पण चालवून तरी बघायचं!" "उद्घाटनाआधी? आणि काही जळालं म्हणजे? माझी पेन्शन कोण देणार, तुम्ही?" आक्का म्हणाल्या, "चकल्या देईन." साहेबांस हसू आले नाही. तेथून आक्का दालनात गेल्या तो तेथे एक नवलच पाहिले. शलाका कोळेकर म्हणोन नवी निदेशिका आली होती, चाकणच्या कारखान्यात याच जातीच्या मशीनवर काम करून आलेली, आणि तिने पोरापोरींकडून फ्रिजच्या खोक्याचे मशीन करवून घेतले होते, पुठ्ठ्यावर स्केचपेनने बटणे काढली होती, आणि पोरे ओळीने येऊन पुठ्ठ्याची बटणे दाबीत होती, आणि खरे मशीन मागे झेंडूची माळ घालून हे सगळे पाहत होते.

"बाई, हे काय करताय?" आक्कांनी विचारिले.

"पोहायला शिकवतेय आक्का, ओट्यावर." शलाका घाम पुसत म्हणाली. "ही पोरं पास होऊन बाहेर मोठ्या कारखान्यात जातात, तिथं खरी मशीन दिसली की हात थरथरतात त्यांचे. मग त्यांना ढकलगाडी देतात ढकलायला. मग परत येतात आणि चौकात बसतात."

"तुम्हाला खरी चालवता येते?"

"डोळे मिटून. पण फीत आहे ना."

आणि दोघीही फितीकडे पाहत्या जाहल्या. आणि आक्कांच्या मनात, जेथे काल रात्रीपासून नुसती धास्ती होती, तेथे खोडीने प्रवेश केला. आणि ज्यांनी आक्कांस लहानपणी पाहिले ते सांगतात की त्यांच्या डाव्या गालास ऐसी खळी पडली की समजावे, आता कोणाची तरी खैर नाही.

मग आक्कांनी भाजणी मळली, आणि साक्षात राजांच्या बंगल्यावर डबा घेऊन चालत्या जाहल्या. राजे म्हणजे त्या मुलखाचे निवडून आलेले धनी. राजे दौऱ्यावर होते, चिटणीस होते, आणि चिटणीस सकाळपासून निवेदने वाचून भुकेले होते. आक्कांनी डबा उघडला. चिटणिसांनी एक घेतली, दुसरी घेतली, तिसरी तोंडात असता आक्कांनी विचारिले, "आमच्या आयटीआयचं मशीन बघायला राजे येतील का हो?" चिटणिसांचे तोंड भरलेले, त्यांनी मान हलविली, आणि ती मान होकाराची की चकलीची हे त्यांचे त्यांस ठाऊक. आक्कांनी होकाराची धरिली, आणि परत येऊन किल्लेदारांच्या टेबलावर वाकून कुजबुजल्या, "साहेब, राजे येणार म्हणून चिटणिसांनी मान हलवली. स्वतः बघितली मी. आणि राजांनी बटण दाबलं आणि मशीन नाही चाललं, तर?" साहेबांचा रंग पांढरा जाहला. त्यांनी तत्काळ शलाकेस बोलावून हुकूम केला की, मशीन चालते की नाही पाहा, परंतु खबरदार, फितीस कात्री लागता कामा नये. आणि सारे दालनात जमले आणि डोकी खाजवीत उभे राहिले, की फीत न कापता दार कसे उघडावे. मग आक्का पुढे झाल्या, आणि फितीचे फूल बोटाने चाचपले, आणि म्हणाल्या, "अहो, गाठ आहे. गाठ सोडता येते की." आणि सोडली. आणि हे इतकी वर्षे कोणास सुचले नव्हते, कारण फीत म्हणजे कापावयाची, एवढेच सर्वांस शिकविलेले होते.

आणि मग शलाकेने मशीनचे दार उघडले, तो आतून अक्षता सांडल्या, वाळके झेंडू सांडले, नारळाची करवंटी निघाली, सुपारी निघाली, आणि कोणा भाविकाने नवस करून टाकलेले एक चांदीचे जोडवेही निघाले. पोरापोरींनी दिवसभर झाडून पुसून काढले. मग वीज दिली. मशीनच्या कपाळावर पडदा उजळला आणि त्यावर लाल अक्षरे नाचू लागली. "बघा!" पाठराबे साहेब दारापर्यंत पळाले. "हेच! आणलं त्या दिवशी पण हेच आलं होतं! म्हणून तर म्हटलं उद्घाटन होऊ द्या!" परंतु शलाका पडद्याकडे न पाहता मशीनच्या बाजूस गेली, जेथे दरवर्षी नारळाचे तोरण बांधीत, आणि तोरण उचलले, तो खाली एक लाल गुंडी, अळंब्याएवढी, आत दाबली गेलेली. ती म्हणजे संकटकाळी मशीन जागच्या जागी थांबवावयाची गुंडी. मशीन उतरले त्याच दिवशीच्या पहिल्या पूजेस पेठेने तिला कुंकवाचा मान दिला, चांगला अंगठा दाबून दिला, आणि वर तोरणाचा भार, म्हणोन मशीन आल्या दिवसापासून आज्ञाधारकपणे थांबलेले होते, आणि पेठ त्यास बिघडलेले समजून आणखी पूजा करीत होती. शलाकेने गुंडी थोडी पिळली. टक्‌ वाजले. गुंडी वर आली, लाल अक्षरे गेली, आणि मशीनच्या पोटात ऐसा गंभीर हुंकार जाहला की पोरींनी टाळ्या पिटल्या, आणि पाठराबे साहेबांनी न कळत हात जोडिले.

ही बातमी त्रिंबकशेठांस कारखान्यात कळली. दुसरे दिवशी पहाटे पेठेने पाहिले, तो शेठ पांढरे बूट घालून तळ्याच्या रस्त्यास चालावयास निघालेले. "शेठ, तब्येत?" "डॉक्टर म्हणाले." कोणता डॉक्टर हे पेठेने विचारिले नाही, कारण पेठ मनात समजली की तुलेचे वजन कमी करणे चालू जाहले. पुढे तर ऐसी रीत पडली की मशीनचे कसे चालले आहे हे विद्याशाळेत जाऊन विचारावे लागत नसे, शेठांच्या पोटाकडे पाहिले की समजत असे. आणि मग शलाकेने आणि पोरापोरींनी कागदावर चांदणी काढिली, आकडे घातले, पितळेची तबकडी धरविली, आणि मशीनने आपल्या जन्मातली पहिली चकती कापली. काय तिची झळाळी! आक्कांनी ती सोऱ्यात घातली, पीठ भरले, दाबले, आणि कढईत जे पडले ते पाहून सारे थिजले. काटा नाही! नुसती गुळगुळीत दोरी, गांडूळ म्हणावे ऐसी. कारण मशीनचे कापावयाचे पाते गोल फिरते, म्हणोन चांदणीचे कोन आतून गोल जाहले, आणि ज्या चकलीस काटा नाही तीस पेठेत कोणी चकली म्हणत नाही. त्रिंबकशेठ त्या दिवशी चालावयास गेले नाहीत. उलट ओट्यावर पसरून श्रीखंडाची वाटी घेऊन बसले आणि म्हणाले, "आक्का, भाजणीत धने किती घालता, आत्तापासून सांगून ठेवा. घाईत विसराल." आणि त्यात दुसरे संकट ऐसे की, महिन्यांमागून महिने लोटले, राजे आले नाहीत, आणि पाठराबे साहेबांस घाम फुटला की उद्घाटनाआधी मशीन चालविल्याचे कोणी वर कळविले तर काय, आणि त्यांनी दार लावून घेतले, फीत पुन्हा बांधिली, आणि या खेपेस गाठीवर लाखेची मोहोर केली.

तेव्हा आक्का खचल्या. सांगावयाचे ते खरे सांगावे, ऐसी आक्का पेठेने पाहिली नव्हती. त्या स्वयंपाकघरात भाजणीच्या डब्याजवळ बसल्या आणि थोरल्या मुलीस फोन लावून म्हणाल्या, "ये बाई एकदा. प्रमाण तुला सांगते. पुडीवर येण्याआधी घरातल्या कोणाला तरी ठाऊक असू दे." मुलगी म्हणाली, "आई, तू हरली नाहीस अजून." आक्का म्हणाल्या, "फीत हरवते गं मला. मशीनशी लढले असते. लाखेशी कशी लढू?"

आणि येथे त्रिंबकशेठांनी जे केले त्यास मसलतीचा अतिरेक म्हणावे. जिंकलेली पैज गप्प बसून जिंकावी की नाही? परंतु शेठांस गप्प बसणे जमले असते तर पैजच कशाला लागती. त्यांस वाटले, किल्ला पुरता पाडूनच यावा, म्हणोन ते कोशाचा जरीचा फेटा बांधून स्वतः राजांच्या बंगल्यावर गेले, आणि राजे नेमके घरी, आणि शेठांनी तक्रार मांडिली की, "साहेब, आपल्या हस्ते उद्घाटन व्हायचं असताना या लोकांनी मागच्या दाराने मशीन चालवलं! हा आपला अपमान आहे." राजे खुर्चीत सरळ जाहले. "कसलं मशीन?" "सीएनसी, साहेब. आयटीआयमध्ये." "आपल्या आयटीआयमध्ये सीएनसी आहे?" "आहे साहेब, हत्तीएवढं." "आणि चालतं?" शेठ जोरात म्हणाले, "चालतं म्हणजे! कापतं साहेब, खणखणीत कापतं!" आणि राजे, जे मुलुखाच्या तरुणांस काम कोठून द्यावे या प्रश्नावर तीन सभांतून भाषणे करून थकले होते, ते उठून उभे राहिले, आणि चिटणिसास म्हणाले, "गाडी काढा." शेठ म्हणाले, "साहेब, चौकशीला?" राजे म्हणाले, "उद्घाटनाला हो! चला, तुम्हीच दाखवा." आणि त्याच गाडीत त्रिंबकशेठांस बसवून राजांची स्वारी वाजतगाजत पेठेत आली, आणि शेठ मागल्या काचेतून पेठेकडे ऐसे पाहत होते की जणू त्यांस धरून आणिले आहे. राजांनी कात्री घेतली, आणि फीत कापली, आणि लाख उडाली, आणि नारळ फुटला, आणि राजांनी मशीनवर हात ठेवून फोटो काढविले, आणि मग पाठराबे साहेबांस म्हणाले, "आता हे बंद दिसता कामा नये. सकाळ-संध्याकाळ चालवा." साहेबांच्या अंगावरून इतक्या वर्षांचे ओझे उतरले, आणि ते नव्या जावयासारखे हसले. आणि आक्का गर्दीतून पुढे आल्या, आणि त्रिंबकशेठांच्या कपाळास राजांसमक्ष गंध लावून म्हणाल्या, "शेठ, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत." दुसरे दिवशी पहाटे शेठ पुन्हा तळ्याच्या रस्त्यास लागले, आणि या खेपेस धावत होते.

मग श्रावण लागला आणि विद्याशाळेत लढाईस तोंड लागले. मशीनजवळच शलाकेने गॅसची शेगडी मांडविली, आणि रोज ऐसे चाले की पोरेपोरी चांदणी काढीत, मशीन कापी, आक्का तळीत, सारे खात, आणि नावे ठेवीत, आणि पुन्हा काढीत. आक्का म्हणाल्या, "बाई, पीठ भोकात असतं तेवढंच बाहेर राहत नाही. सुटलं की अंग फुगवतं. काट्याच्या खाचा भरून जातात त्यानं." शलाकेचे डोळे चमकले. "म्हणजे आपण भोकाचं चित्र काढतोय, चकलीचं काढलंच नाही!" आणि मग तिने पोरांस शिकविले की फुगणारे पीठ धरून चित्र कसे काढावे, आणि गोल पाते कोनात पोहोचत नाही तर त्यास बारीक करून कोनाच्या थोडे पुढे कसे न्यावे, म्हणजे प्रत्येक टोकास एक बारीकशी खाच पडते, आणि एका शिंप्याच्या मुलीने, जिला बापाच्या दुकानात कापड बेतावयाची सवय होती, त्या खाचेचा उतार ऐसा धरिला की दुसऱ्या दिवशी जी चकली कढईत उतरली तिचे काटे बाभळीसारखे उभे. आक्कांनी ती मोडिली. आवाज दालनाच्या टोकापर्यंत गेला. मग दुसरी चकती कापली, तिसरी कापली, आणि सगळ्यांची चकली सारखी, काट्यास काटा सारखा, जे पेठेच्या बापजन्मी घडले नव्हते. आणि ही कीर्ती दूरच्या मोठ्या शहरातील एका फरसाणाच्या कारखान्याच्या कानी गेली, ज्यांस एकसारख्या चकत्या शेकड्याने हव्या होत्या, दिवाळी तोंडावर होती, आणि आजवर त्या परमुलखातून येत, महाग येत आणि उशिरा येत. त्यांचा वकील, म्हणजे खरेदीचा माणूस, गाडी घेऊन आला, चकत्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरिल्या, आणि आरपार एकच चांदणी दिसली, आणि तेथल्या तेथे कामाचा विडा उचलविला.

आता कारागीर घाबरले, की आपली कानस गेली, आपण गेलो. परंतु शेकड्याने चकत्या म्हणजे शेकड्याने पितळी तबकड्या ओतावयास हव्या, आणि ओतण्याचा कारखाना पेठेत एकच मोठा, तो कोणाचा? त्रिंबकशेठांचा. मग शेठांच्या भट्ट्या दिवसपाळीस पेटल्या, रातपाळीस पेटल्या, माणसे कमी पडू लागली, जी पोरे चौकात बसत ती भट्टीवर आणि मशीनवर वाटून घेतली गेली, आणि शेठांचा अवधूत, जो शहरात मोटारसायकलवरून लोकांची जेवणे पोहोचवीत होता, तो स्वतः होऊन परतला आणि म्हणाला, "बाबा, तिकडं मी बिर्याणी वाहतो, आणि इथं आपल्याच पेठेत हे चाललंय?" विद्याशाळेत संध्याकाळचा वर्ग निघाला, आणि कानस धरणारे जुने कारागीर पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसू लागले, चित्र वाचावयास शिकू लागले, आणि एकमेकांच्या वह्यांत डोकावून हसू लागले. आणि एके दिवशी शेवटच्या बाकावर खुद्द त्रिंबकशेठ दिसले. शलाकेने विचारिले, "शेठ, आपण इकडे?" शेठ म्हणाले, "हेरगिरीला आलोय. चालू द्या तुमचं." आणि मग तास अर्धा झाला तोच हेराने हात वर केला, "बाई, ते कोनाचं पुन्हा एकदा सांगा." आजूबाजूच्या तालुक्यांतून मुली अर्ज घेऊन येऊ लागल्या, पंपाच्या भागांचे काम आले, शेवयांच्या यंत्राचे आले, सुभ्याने दुसरे मशीन पाठविले, आणि त्यासोबतही फीत आली, ती पाठराबे साहेबांनी आल्या दिवशी स्वतः सोडली आणि एका पोरीच्या वेणीस बांधली.

आणि मग शके एकोणीसशे पंचेचाळीसचा दसरा आला. पेठेने चकली खाऊन आधीच बरी म्हटली होती, वाद उरला नव्हता. चौकात मांडव घातला, लाकडाच्या वखारीतला मोठा तराजू आणून टांगला, आणि त्रिंबकशेठ दोन दिवस आधीपासून कढईपुढे पाटावर बसले होते, कारण कलमात आपल्या हाताने तळणे ठरले होते. पहिल्या घाण्यास त्यांची चकली कढईत विरघळली. "शेठ, तेल तापू द्या, भट्टी नव्हे ही!" आक्का मागून ओरडल्या. दुसऱ्यास करपली. मग जमू लागली, आणि जमू लागली तसे शेठ सोऱ्या दाबताना प्रत्येक वेटोळ्याकडे जीव लावून पाहू लागले, आणि घरातली माणसे जेवावयास बोलवीत तरी उठेनात. मग मुहूर्त आला. शेठ बनियन आणि अर्धी चड्डी घालून आले, अंगठ्या नाहीत, गोफ नाही, चष्मादेखील नाही. "शेठ, अंगरखा?" "गरम होतंय." "चष्मा?" "वजन असतं त्याला." पेठ ऐसी हसली की तराजू आपोआप हलला. शेठ एका पारड्यात बसले, आणि दुसऱ्यात चकल्यांच्या पिशव्या पडू लागल्या, एक पडली, दोन पडल्या, पेठ मोजताना मोठ्याने ओरडू लागली, आणि पुढे ओरडून घसे बसले तरी पारडे जमिनीवरच. मग हळूहळू शेठ उचलले गेले, आणि काटा बरोबर मधोमध आला, आणि हलगीवाल्याने काठी उचलली, इतक्यात शेठांच्या नाकास वास लागला, आणि त्यांनी जवळून चाललेल्या ताटातली एक उचलून तोंडात घातली. पारडे खाली गेले. "घाला अजून!" आक्का म्हणाल्या. घातल्या. काटा मधोमध आला. शेठांनी आणखी एक घेतली. पारडे पुन्हा खाली.

"अहो शेठ, तोंड आवरा! दिवाळी इथंच जाईल आमची!"

"आक्का," शेठ डोळे मिटून चावत म्हणाले, "वर्षभर चालवलंत मला. आता खाऊ तरी द्या."

आणि पेठेने दिले. आणि ते खाता खाता जड होत गेले आणि पेठ चकल्या घालीत गेली, आणि शेवटी परातीच संपल्या तेव्हा तराजू बरोबर जाहला. मग त्रिंबकशेठ करडे पारड्यातून उतरले, चकल्यांची परात डोक्यावर घेतली, आणि भर चौकात घरोघरीच्या ओंजळीत आपल्या हाताने घालीत निघाले, आणि प्रत्येक ओंजळीस मोठ्याने म्हणत, "मी हरलो. मशीन जिंकली. घ्या, खा." आणि शेवटची ओंजळ आक्कांची होती.

येणेप्रमाणे पैजेची हकीकत. राज्य सुखी जाहले, पेठेस काम पुरून उरले, भाजणीचे प्रमाण आक्कांच्या जिभेवरच राहिले, आणि शेठ हरले ते ऐसे हरले की त्यांच्या कारखान्यास त्या वर्षी कुलूप लावावयास कोणास फुरसत मिळाली नाही. कळावे, लोभ असावा, आणि परातीत उरली असेल तर एक इकडे पाठवावी.